पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा : निरीक्षण, काळजी आणि रुग्णाची भाषा

प्रास्ताविक

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, फालिज अशा निरनिराळ्या नावांनी ओळखला जाणारा आजार आज प्रत्येक मोहल्ल्यात व गल्लीत कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहावयास मिळतो. या सर्व नावांत हातापायांची शक्ती जाण्यावर भर आहे; परंतु हा मूलतः मेंदूचा आजार होय. त्यामुळे हातापायांबरोबर बोलणे, समजणे, वाचणे, गिळणे, पाहणे आणि मनाचा तोल यांपैकी काहीही बाधित होऊ शकते. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही अशा रुग्णाच्या बाबतीत त्याच्या उशाशी असलेल्या व्यक्तीचे निरीक्षण हीच त्याची जीभ असते.

बेळगाव, हैदराबाद, गोवा, इंदूर, वडोदरा यांसारख्या ठिकाणी या निरीक्षणात आणखी एक अडचण येते. घरात दखनी किंवा उर्दू, बाजारात मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड, तेलुगू, हिंदी वा गुजराती अशी भाषांची वाटणी असलेली हजारो माणसे येथे राहतात. अशा रुग्णाला चुकीच्या भाषेत प्रश्न विचारला तर चुकीचे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरावरून चुकीची नोंद होते. होम हेल्थ एड, जनरल ड्युटी असिस्टंट यांसारखे अभ्यासक्रम शिकविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांना, मग ते शुश्रूषा शिकवीत असोत वा भाषा, या विषयाची ओळख व्हावी हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उपचारांचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. येथे विचार करावयाचा आहे तो शुश्रूषेचा.

आजाराचे स्वरूप

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीमुळे बंद होते. बहुसंख्य रुग्ण या प्रकारचे असतात. दुसऱ्या प्रकारात वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र नेमके उलट असतात. एकात रक्त पातळ करावयाचे असते, तर दुसऱ्यात तेच औषध जिवावर बेतू शकते. हा फरक सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरीच अ‍ॅस्पिरिनची गोळी देणे धोक्याचे आहे.

मोठी रक्तवाहिनी बंद पडून उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. या आजारात वेळेला एवढे महत्त्व का, ते यावरून ध्यानात येईल.

पहिला प्रश्न : शेवटचे ठीक केव्हा होते?

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर धरून ठेवता न येणे, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे, एकाएकी दिसेनासे होणे वा तोल जाणे ही मुख्य लक्षणे होत. यांतील एकही लक्षण अचानक दिसले तर मालिश, झाडफूक किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांत वेळ न दवडता सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तेलंगणा, मध्य प्रदेश व गुजरात या सर्व राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ साली ही मर्यादा तीन तासांची होती. २००८ मधील युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. नळीच्या साहाय्याने गुठळी बाहेर काढण्याचा उपचार काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडतो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. परंतु ही घड्याळे लक्षण दिसले तेव्हापासून सुरू होत नाहीत. रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून ती सुरू होतात. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला लकवा झालेल्या अवस्थेत आढळला, तर हिशेब रात्री दहापासून धरतात. अशा काही रुग्णांना एम. आर. आय. सारख्या तपासणीच्या आधारे उपचार देता येतात, पण त्यासाठीही वेळेची खरी माहिती लागते.

घाबरलेल्या नातेवाइकाला "किती वाजता?" असे विचारले की उत्तर येते, "मालूम नै." घरातील दिवस घड्याळाने नव्हे तर अजान, शाळेची घंटा, नळाला पाणी येण्याची वेळ यांनी मोजला जातो. "फजरला अब्बा स्वतः उठले होते का? वुजू कोणी करविला? चहाचा कप कोणत्या हाताने धरला?" असे विचारले तर तीच व्यक्ती अचूक वेळ सांगू शकते. प्रश्न विचारण्याची ही कला वर्गात शिकविता येण्याजोगी आहे.

रुग्णालयातील निरीक्षण

रुग्ण दाखल झाल्यावर श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप व रक्तातील साखर या नोंदी प्रथम घ्यावयाच्या असतात. साखरेची तपासणी टाळता येत नाही, कारण साखर एकदम उतरल्यानेही लकव्यासारखी लक्षणे दिसतात आणि ती तत्काळ दुरुस्त होऊ शकतात.

रक्तदाबाबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुठळीच्या पक्षाघातात दाब वाढलेला दिसला की तो लगेच उतरवावा, असे नातेवाइकांना वाटते. परंतु इंजेक्शन द्यावयाचे नसेल तर सुरुवातीच्या काळात दाब २२०/१२० च्या वर गेल्याशिवाय सहसा उतरवीत नाहीत, कारण मेंदूच्या उपाशी भागाला त्या दाबाचाच आधार असतो. इंजेक्शन द्यावयाचे असेल तर तो आधी १८५/११० च्या खाली आणावा लागतो व नंतर २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवावा लागतो. त्यासाठी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढील सहा तास दर ३० मिनिटांनी आणि नंतर दर तासाला दाब मोजतात. या काळात तीव्र डोकेदुखी, उलटी, दाबात एकाएकी वाढ किंवा गुंगी दिसली तर रक्तस्रावाची शंका घेऊन डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

शुद्धीची पातळी मोजण्यासाठी १९७४ साली तयार झालेले ग्लासगो कोमा स्केल वापरतात. त्यात डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ असे जास्तीत जास्त १५ गुण असतात. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी एन. आय. एच. स्ट्रोक स्केल आहे. त्यात शून्य म्हणजे दोष नाही आणि ४२ म्हणजे अतितीव्र. या दोन्ही मोजपट्ट्या उपयुक्त आहेत. मात्र दोन्हींत बोलण्याला आणि सूचना समजण्याला गुण आहेत. म्हणजेच भाषेचा प्रश्न येथे पहिल्या तासातच उभा राहतो.

ताप, साखर आणि गिळणे

शुश्रूषेने खरोखर किती फरक पडतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स येथील १९ स्ट्रोक युनिटमध्ये झालेल्या आणि २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिळते. तेथे परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोरपणे पाहावयास शिकविल्या गेल्या : पहिले ७२ तास तापावर लक्ष, साखरेवर लक्ष आणि गिळण्याची वेळेवर तपासणी. ९० दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीची शुश्रूषा असलेल्या युनिटमध्ये ५८ टक्के होते, तर या युनिटमध्ये ४२ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ नियमितपणा होता.

या तिन्हींपैकी गिळण्याची बाब घरच्या माणसांच्या हातात अधिक असते. रुग्ण पडल्याबरोबर त्याच्या तोंडात चमचाभर पाणी, चहा, जमजमचे पाणी किंवा तीर्थ घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यामागील माया खरी असते. परंतु गिळण्याचे स्नायू दुर्बल झाले असतील तर तेच पाणी फुफ्फुसात उतरते व न्यूमोनिया होतो. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे काही बिघडले आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून प्रशिक्षित व्यक्तीने गिळण्याची तपासणी करेपर्यंत अन्न, पाणी आणि गोळीसुद्धा तोंडाने देऊ नये. "पानी मत दो" एवढेच सांगितले तर ते निर्दयपणाचे वाटते; कारण सांगितले की नातेवाईक ऐकतात. तोवर ओठ ओले करणे व तोंड स्वच्छ ठेवणे यातून त्यांच्या मायेला वाट देता येते.

तपासणीनंतर परवानगी मिळाल्यावर रुग्णास ताठ बसवावे, लहान चमचा वापरावा आणि घास चांगल्या बाजूने द्यावा. घास गालात अडकला नाही ना, ते पाहावे. जेवताना त्याला बोलावयास लावू नये आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. जेवताना ठसका लागणे, आवाज ओलसर येणे, लाळ गळणे या खुणा दिसल्या तर भरविणे थांबवावे.

अंथरुणावरील काळजी

ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी आणि माकडहाड, टाच व नितंब यांवरील त्वचा रोज पाहावी. दुर्बल हात उशीवर आधार देऊन ठेवावा. रुग्णास उठविताना तो हात ओढू नये किंवा काखेत हात घालून उचलू नये. खांदा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. लघवीची नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये.

लवकरात लवकर चालविणे चांगले, असाही एक समज आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २१०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच पुष्कळ हालचाल करविलेल्या रुग्णांची प्रगती उलट कमी झाल्याचे आढळले. म्हणून पहिल्या दिवशी घाई न करता, पुढे थोडा थोडा वेळ पण वारंवार बसविणे व उभे करणे हा मार्ग योग्य ठरतो.

रुग्णाच्या लाजेचाही विचार हवा. ज्याचा उजवा हात गेला त्याला डाव्या हाताने जेवताना लहानपणापासूनच्या संस्कारामुळे अपराधी वाटते, आणि तो "भूक नाही" असे खुणेने सांगून ताट सारतो. पडदा ओढून, चारचौघांपासून दूर जेवू घातल्यास अशी उपासमार टळू शकते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते; सतत रडणे, जेवण सोडणे, व्यायामास नकार देणे हा हट्ट नसून आजाराचा भाग असू शकतो.

भाषेचा प्रश्न

बोलणे बिघडण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. उच्चारदोषात जीभ व ओठांचे स्नायू दुर्बल होतात. बोलणे जड येते, पण शब्द, समज आणि लेखन शाबूत असते. वाचाघातात मात्र मेंदूतील भाषाच बाधित होते. बहुतेक लोकांत ही जागा डाव्या मेंदूत असते, त्यामुळे उजव्या बाजूच्या लकव्याबरोबर वाचाघात अधिक आढळतो. पहिल्या प्रकारच्या साक्षर रुग्णाला लिहून बोलता येते. दुसऱ्याला पाटी-पेन्सिल देऊन उपयोग होईलच असे नाही. वाचाघात म्हणजे वेड नव्हे आणि बहिरेपणाही नव्हे. म्हणून रुग्णापुढे ओरडून बोलणे किंवा तो तेथे नाहीच असे समजून बोलणे, दोन्ही चूक.

आता मोजपट्टीकडे पाहू. एन. आय. एच. स्केलमध्ये रुग्णास चालू महिना आणि वय विचारतात. बेळगावातील एखादी वृद्ध स्त्री "रबी-उल-अव्वल" किंवा "श्रावण" असे सांगेल. ते उत्तर बरोबर असेल तर ती भानावर आहे. परंतु इंग्रजी महिन्याची वाट पाहणारी परिचारिका तिचा एक गुण चुकीचा मोजेल. उच्चार तपासण्यासाठी मूळ इंग्रजी यादीत 'हकलबेरी' आणि 'बेसबॉल प्लेयर' असे शब्द आहेत. वर्णनासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या चित्रात एक पाश्चात्त्य स्वयंपाकघर आहे : बाई भांडी पुसते आहे, मोरीतून पाणी वाहते आहे आणि मुलगा स्टुलावर चढून डब्यातील बिस्किटे चोरतो आहे. जी वस्तू किंवा जो शब्द रुग्णाने आयुष्यात पाहिला-ऐकला नाही, तो न सांगता येणे हा मेंदूचा दोष नव्हे. यास्तव सूचना रुग्णाच्या घरच्या भाषेत द्याव्यात : "डोळे मिटा" यास प्रतिसाद आला नाही तर "आँखाँ बंद करो" असे विचारून पाहावे, आणि कोणत्या भाषेत काय उत्तर मिळाले ते जसेच्या तसे लिहावे.

दोन भाषा जाणणाऱ्या रुग्णात दोन्ही भाषा सारख्याच बिघडून सारख्याच सुधारणे हे अधिक वेळा आढळते. परंतु एक भाषा आधी परतणे, एक मागे राहणे किंवा दोन्हींची सरमिसळ होणे, असेही घडते. लहानपणीची भाषा आधी परतते, असा विचार फ्रान्समधील रिबो यांनी १८८१ साली मांडला. तर आजारापूर्वी जी सर्वाधिक वापरात होती ती परतते, असे पित्र यांनी १८९५ मध्ये सुचविले. दोन्ही मतांना अपवाद सापडतात. म्हणून रुग्णाची भाषा नावावरून, पेहरावावरून किंवा धर्मावरून गृहीत धरता येत नाही. घरच्यांना विचारावे : घरात काय बोलतात, दुकानात काय बोलतात, हिशेब कोणत्या भाषेत करतात, वाचतात कोणत्या लिपीत?

लिपीचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. उजव्या मेंदूवर आघात झालेला रुग्ण कित्येकदा डाव्या बाजूकडे दुर्लक्ष करतो. ताटातील डावीकडचे अन्न तसेच राहते. असा माणूस मराठी वाचताना ओळीची सुरुवात गमावतो, तर उर्दू वाचताना ओळीचा शेवट. उजवीकडचे न दिसणाऱ्या रुग्णात हेच उलट घडते. तेव्हा "वाचता येत नाही" असा शेरा मारण्यापूर्वी कागद रुग्णाच्या शाबूत बाजूस धरून पाहावा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना गोंधळात टाकते. ज्या रुग्णाला "पाणी" म्हणता येत नाही तो एक ते दहा अंक, वारांची नावे, लहानपणी पाठ केलेली सूरत किंवा प्रार्थना अस्खलित म्हणून दाखवितो. मग घरचे म्हणतात, "बोलता तर येते, मुद्दाम बोलत नाही." वस्तुतः पाठ असलेले म्हणणे आणि मनातील विचार शब्दांत मांडणे या मेंदूच्या वेगळ्या क्रिया आहेत. हे समजावून सांगितले तर रुग्ण रागावणीतून वाचतो. तसेच काही रुग्णांच्या तोंडी एकच शब्द उरतो. दखनीतील "नक्को" हा शब्द मराठीच्या "नको"चाच भाऊ. तो होकारासाठीही येऊ शकतो. म्हणून केवळ शब्दावर न जाता मान, डोळे व हात पाहूनच अर्थ लावावा.

हैदराबादचा अभ्यास

या संदर्भात हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील अभ्यास महत्त्वाचा आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०८ पक्षाघात रुग्णांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. पक्षाघातानंतर ज्यांची स्मरण, लक्ष, विचार इत्यादी बौद्धिक क्षमता सामान्य राहिली, असे रुग्ण एकभाषिकांत १९.६ टक्के, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के आढळले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

यातून शुश्रूषेसाठी दोन गोष्टी निघतात. अनेक भाषा हे मेंदूवरील ओझे नव्हे. त्यामुळे "आता याच्याशी एकाच भाषेत बोला" असा सरसकट सल्ला देण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, अनेक भाषा जाणल्याने वाचाघात टळत नाही. म्हणून बहुभाषिक रुग्णाचीही भाषेची तपासणी तितकीच काळजीपूर्वक झाली पाहिजे.

घरी परतल्यानंतर

आपल्या समाजात घरी परतलेल्या रुग्णाचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी वाहते. घरच्यांना शिकवून पुनर्वसन साधेल का, हे पाहण्यासाठी भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच होते. कुटुंबाची सेवा निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. थोडे शिकवून सर्व काम कुटुंबावर सोपविले म्हणजे प्रशिक्षित हातांची गरज संपते, हा समज मात्र या चाचणीने टिकू दिला नाही. कम्युनिटी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रशिक्षित तरुण-तरुणींचे स्थान नेमके येथे आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

१. भाषेच्या तासाला विद्यार्थ्यांकडून शुश्रूषेच्या वीस-पंचवीस सूचना मराठी, दखनी-उर्दू व स्थानिक राज्यभाषा यांत बोलीभाषेत तयार करून घ्याव्यात. "मूत्रविसर्जन" यापेक्षा "लघवी" आणि "पेशाब" हेच शब्द उपयोगी पडतात.

२. पाणी, दुखणे, थंडी, लघवी, कूस बदला, नमाज, घरचे कोण हवे, अशा गरजांची चित्रपाटी बनवावी. चित्राखाली देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिपी असाव्यात.

३. दाखल करताना भरावयाच्या कागदावर "घरची भाषा, बाहेरची भाषा, वाचनाची लिपी, लिहिण्याचा हात" असे चार रकाने जोडण्याचा सराव द्यावा.

४. एकाने रुग्ण व दुसऱ्याने नातेवाईक होऊन "शेवटचे ठीक केव्हा?" हा प्रश्न घड्याळाशिवाय सोडविण्याचा अभ्यास घ्यावा.

५. तोंडाने काही न देण्याचे कारण नातेवाइकांना दोन वाक्यांत, त्यांच्या भावनेस न दुखविता सांगता येते की नाही, याची तोंडी परीक्षा घ्यावी.

समारोप

पक्षाघाताच्या शुश्रूषेत महागडी साधने आवश्यक असतात तशीच काही बिनखर्चाची साधनेही आवश्यक असतात : वेळेची अचूक नोंद, तापमापक, साखरेची तपासणी, पहिला घोट देण्यापूर्वीचा संयम आणि रुग्णाच्या ओळखीचा शब्द. यांतील शेवटचे साधन औषधालयात मिळत नाही. ते वर्गात घडवावे लागते. शुश्रूषेचे आणि भाषेचे अध्यापक एकत्र बसून ते घडवू लागले, तर ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही अशा रुग्णाचीही नोंद खरी होईल, आणि त्या नोंदीवर बेतलेले उपचारही खऱ्या अर्थाने त्याचे होतील.